पहिली आजूर

“चला आप्पा, आज पहिली!” असं म्हणत आश्रुबानं दुकानाच्या फळीवर थाप मारली आणि वैजिनाथच्या हातातला तराजू डुचमळला. मिरच्यांचं पारडं खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. बीडच्या पेठेत इतकी वर्षं किराणा विकताना त्याचा तराजू असा कधी हलला नव्हता. आश्रुबा तहसील कचेरीतला चपराशी. पण आज त्याच्या अंगात डगला नव्हता, छातीवर पितळी बिल्ला नव्हता. गुडघ्यावर खोचलेलं धोतर, उघडं अंग, आणि खांद्यावर दोरीनं एकमेकांना बांधलेले दोन मोठे वाळके भोपळे. तो हलला की भोपळे आपटत आणि ‘डुब्’ असा पोकळ, खुशालचेंडू आवाज येई. “पहिली? कशाची पहिली?” वैजिनाथनं विचारलं. “आता कशाची म्हंजे! आजूरची पहिली. सरकारी सालाचा पयला दिवस. तुमीच म्हणलते न्हवं का दसऱ्याला, पहिलीपासून पवायला येतो म्हणून? कचेरी उघडायला लई येळ हाय. उठा.”

वैजिनाथच्या पोटात, बेंबीच्या जरा वर, कुणीतरी गार पाण्याची वाटी उपडी केली. मिरच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाला देईपर्यंत त्याच्या ध्यानात आलं की आपण स्वतःच खणलेल्या खड्ड्यात पडलो आहोत, आणि खड्डाही असा की जो फक्त निजामाच्या राज्यातच खणता येतो. पुण्याच्या माणसाला पहिली म्हणजे पहिली. बीडच्या माणसाला एकाच सूर्याखाली तीन तारखा असतात. घरात पंचांगाची तिथी. कचेरीत फसली साल आणि त्याचे आजूर, दै, बहमन असे महिने. आणि दुकानात इंग्रजी तारीख, कारण माल बार्शीहून येणार आणि बार्शी इंग्रजांच्या मुलखात. दसऱ्याला आश्रुबा आपट्याची पानं द्यायला आला तेव्हा त्याचे केस ओले होते, डोळे लाल होते आणि तो उगाचच हसत होता. “बारव तुडुंब भरलीय आप्पा,” तो म्हणाला, आणि वैजिनाथच्या तोंडून निघून गेलं, “मला शिकवशील का रं पवायला?” शब्द बाहेर पडले ते त्याचे त्यालाच ऐकू आले. मागे घेता येईनात म्हणून त्यानं घाईघाईनं त्यांच्या शेपटाला दगड बांधला, “पहिलीपासून हां. पहिलीपासून नक्की.” त्याच्या मनातली पहिली नोव्हेंबरची होती. नोव्हेंबर म्हणजे सणासुदीची गर्दी, मग थंडी, थंडीत बारवेचं पाणी कोण अंगावर घेतो, थंडी सरली की लगीनसराई, आणि लगीनसराई सरेपर्यंत पाणी तळाला. एका श्वासात त्यानं पुढचं सगळं वर्ष बुडवून टाकलं होतं. चपराशाची पहिली वेगळी असते, ती पगाराबरोबर, ऑक्टोबरातच येते, एवढं मात्र ध्यानातून राहून गेलं.

आता सबब हवी होती. सबब हा शब्दच मोठा मौजेचा. कचेरीच्या उर्दूत सबब म्हणजे नुसतं कारण. मुन्शी अर्जात लिहितो, अमुक सबबीनं तमुक व्हावं, आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही. कचेरीतून निघून पेठेत येईतो त्याच शब्दाचं तोंड बदलतं. पेठेत सबब सांगणारा म्हणजे अंग चोरणारा. वैजिनाथला वाटे, आपल्या सबबी मात्र कचेरीतल्या, शिक्कामोर्तब झालेल्या. दुकानातल्या मालासारख्या त्यानं त्या नीट लावून ठेवल्या होत्या, पुढं रोजच्या वापराच्या आणि मागं सणासुदीच्या. दुकान सोडून कसं जायचं. गुडघा दुखतो. चाळिशी उलटल्यावर पाण्यात हातपाय मारले तर लोक हसतील. आज सोमवार, देवाचा वार. उद्या मंगळवार, मंगळवारी नवं काम धरू नये. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात; वैजिनाथच्या अंगणाला चार कोपरे होते आणि चारही चार दिशांना वाकडे होते. गंमत अशी की मोठेपणी यातली एकही सबब त्याला कुणी मागितली नव्हती. जाब विचारणाराही तोच आणि सांगणाराही तोच. इच्छा मात्र खरी होती, इतकी खरी की तिची त्याला भीती वाटे. दुपारी पेठ सुस्तावली, हिंगाच्या आणि गुळाच्या वासात डोळे मिटले, की पाणी दिसे. आपण त्यात आडवे पडलो आहोत, हात पुढं जातो, पाणी बाजूला होतं, अंगाला वजन नाही. तेव्हा गादीवर बसल्या बसल्या त्याचे पायांचे तळवे हळूहळू हलत. मग जाग येई आणि मनात एक वाक्य उरे, की हे एवढं केलं नाही तर आपण जन्मभर काठावरचाच माणूस राहणार. व्यापार वाढेल, मान मिळेल, पण मरायचं काठावर. मग तो उठून विनाकारण डाळीच्या गोण्या सारख्या करी.

लहानपणी मात्र एकदा त्याला विचारलं गेलं होतं. युसूफ वडगावला, आजोळी, मामाच्या मळ्यातल्या विहिरीवर. मामाचा मन्मथ आणि गावची पोरं धडाधड उड्या टाकत होती आणि आठ वर्षांचा वैजिनाथ काठावर बसून त्यांचे सदरे राखत होता. हे काम त्याला कुणी दिलं नव्हतं. ते त्यानं आपणहून अंगावर घेतलं होतं, कारण हाताला काम असलं की माणूस भित्रा दिसत नाही. खालून येणारा तो आवाज, पोरांच्या हसण्याला विहिरीनं दिलेला घुमारा, ओल्या दगडाचा वास, पाण्यावरून उसळून भिंतीवर थरथरणारं ऊन, हे सगळं त्याला इतकं हवंसं वाटे की घशात दुखे. आणि तळवे मात्र दगडाला चिकटून बसत. एक पोरगं ओलंचिंब वर आलं आणि नाक शिंकरत म्हणालं, “तू कावून येत न्हाईस बे?” वैजिनाथनं तोंड उघडलं. खरं तेच जिभेवर आलं होतं. पण बोटं गळ्याशी गेली आणि तोंडातून निघालं, “गळ्यात लिंग हाय. पाण्यात गेलं तर?” पोरानं ओले हात जोडले. लिंगायताच्या गळ्यातलं इष्टलिंग जन्मभर अंगावेगळं होत नाही, ते हरवणं म्हणजे जीव हरवणं, हे गावात कुणालाही ठाऊक होतं. त्या दिवशी वैजिनाथला कळलं की देवाचं नाव घातलेली सबब कुणी उघडून बघत नाही. खाली विहिरीत त्याच क्षणी मन्मथ सूर मारत होता, आणि मन्मथच्याही गळ्यात लिंग होतं. हे ना त्या पोराच्या ध्यानात आलं, ना पुढं कित्येक वर्षं वैजिनाथच्या.

“चला की,” आश्रुबा म्हणाला. वैजिनाथनं गुडघ्यावर हात ठेवून चेहरा वाकडा केला. “गुडघा…” “पान्यात गुडघ्यावर वजन येत न्हाई.” “अरे पण दुकान…” दुकानाच्या मागंच घर होतं. मधल्या दाराआड त्याची बायको बसम्मा ज्वारी पाखडत बसली होती. सुपाचा आवाज थांबला तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. बसम्मा नको म्हणेल. अहो या वयात हे काय, असं काहीतरी म्हणेल, आणि मग आपण आश्रुबाकडं वळून हताशपणे हात पसरू. घरचे काय म्हणतील, ही त्याच्या कोठारातली सगळ्यात मोठी गोणी होती. ती इतकी मोठी होती की त्यानं कधी तिचं तोंड सोडून पाहिलंच नव्हतं. बसम्मा पदर सारखा करत बाहेर आली आणि सरळ गादीवर येऊन बसली. “दुकान मी बघते. तराजू काय मला धरता येत न्हाई व्हय?” घरचे म्हणत होते, जा. तेव्हा वैजिनाथनं शेवटची काढली. आवाज आपोआप खाली आला, डोळे अर्धे मिटले. “गळ्यात लिंग हाय, बसम्मा. पाण्यात दोरा सुटला तर?”

बसम्मा हसली. चेष्टेनं नव्हे, लहान मूल पाटावर उभं राहून आपण मोठं झालो म्हणतं तेव्हा माणूस जसं हसतं तसं. “मी गंगेकाठची,” ती म्हणाली. “लगीन व्हईस्तोवर गंगेत पवले. माझं वाहून गेलं का?” आणि तिनं पदराआडून आपली लिंगाची चांदीची डबी काढून दाखवली. ही डबी त्यानं रोज सकाळी पूजेच्या वेळी पाहिली होती. गोदावरीला त्या बाजूला गंगाच म्हणतात. तिच्या माहेरी जाताना दर वर्षी नावेतून गंगा ओलांडावी लागे, आणि तेव्हा तो दोन्ही हातांनी नावेची फळी धरून, डोळे मिटून, शिवशिव करत बसे, आणि बसम्मा कडेला बसून बोटं पाण्यात सोडून देई. तेव्हाही डबी तिच्या गळ्यात होती. उत्तर त्याच्याच घरात, त्याच्याच चुलीशी वावरत होतं. त्यानं कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. “इकडं या,” म्हणून तिनं त्याचा दोरा मागून आखडून घेतला, डबी गळ्याच्या खळग्यात बसवली आणि वरून फडक्याची पट्टी घट्ट बांधली. तिच्या बोटांना ज्वारीच्या फोलकटाचा वास येत होता. “गादीवर बसून पाय हलवता,” ती त्याच्या मानेशी हळूच म्हणाली, “मला वाटायचं, कवातरी जाल.” “मग इतके दिवस बोलली कावून न्हाईस?” “तुमी कवा इचारलं?”

पेठेतून जाताना भोपळे डुब् डुब् वाजत होते आणि वैजिनाथ मान खाली घालून चालत होता. लोक बघतील, हसतील. लोकांनी पाहिलं, रामराम केला आणि ते आपापल्या कामाला लागले. आपल्याला हसायला कुणाला सवड नाही हे पाहून त्याला थोडं वाईटच वाटलं. इतकी वर्षं ज्यांच्या हसण्याला तो भ्यायला होता ते लोक फळ्या उघडत होते, झाडत होते, तंबाखू मळत होते. वाटेतल्या बिंदुसरा नदीचं पाणी घोट्याएवढं होतं. ते त्यानं मोठ्या धीरानं ओलांडलं आणि आजच्या दिवसाला एवढं पाणी पुरे असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पलीकडे आश्रुबाच्या मेव्हण्याचा मळा, आणि मळ्याच्या कडेला दगडी पायऱ्यांची बारव. पायऱ्या उतरताना उन्हातून सावली, सावलीतून गारवा, आणि कानांत काहीतरी मिटल्यासारखं झालं. वरचं जग, बैलांच्या घंटा, कुणाची तरी हाक, सगळं लांब गेलं. ओल्या दगडाचा वास आला, आणि घशात तेच जुनं दुखणं. माणसाचं वय वाढतं, पण हवं असण्याचं वय वाढत नाही, असं त्याला वाटलं. शेवटच्या कोरड्या पायरीवर त्याचे तळवे चिकटले.

आश्रुबानं त्याच्या कमरेला भोपळे बांधले आणि स्वतः पाण्यात झोकून दिलं. वर आला तो दुसराच माणूस होऊन. कचेरीत ज्याच्यावर दिवसभर सगळे ओरडतात तो इथं तहसीलदार होता, आणि ही सुभेदारी तो मनापासून भोगत होता. “उतर!” तो गरजला. ‘उतरा’ नव्हे, ‘उतर’. “आश्रुबा, जरा ऐक. आज पयलाच दिवस, त्यात सकाळी न्याहारी जरा…” “सबब पान्यात उतरून सांग बे! पायरीवरचा अर्ज दाखल हुत न्हाई!” बे. वैजिनाथला कुणी बे म्हणून किती काळ लोटला होता! बापामागं गादीवर बसला त्या दिवसापासून तो आप्पा होता. त्याच्याशी बोलताना माणसं आवाज खाली आणत, आणि तोही स्वतःशी बोलताना आवाज खाली आणू लागला होता. हा एक आखूड, उद्धट शब्द अंगावर आला आणि त्याला अचानक फार बरं वाटलं. त्यानं सवयीनं कोठारात हात घातला. दुकान बसम्मा बघत होती. गुडघ्यावर वजन येणार नव्हतं. दोरा पक्का होता. लोक तंबाखू मळत होते. सगळ्या गोण्या उचलून झाल्यावर तळाला, जमिनीलगत, एक लहानशी वस्तू पडलेली सापडली. सगळा माल तिच्यावरच रचलेला होता. ती त्यानं उचलली. “आश्रुबा,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चारी भिंतींना लागून परत आला, “मला भ्या वाटतंय रं.” एवढं बोलून तो वाट पाहू लागला. आता आश्रुबा हसेल, आता आपली अब्रू जाईल. आश्रुबा पाण्यात पाय हलवत उभा होता. “मग वाटू दे की,” तो म्हणाला. “भ्यासाठीच तर भोपळा हाय. न भिणाऱ्याला कशाला लागतोय?”

हे इतकं साधं होतं की वैजिनाथला हसू फुटलं, आणि हसता हसता, तोंड उघडं असतानाच, त्यानं उडी मारली. विचार करून मारली असती तर निदान तोंड मिटून घेतलं असतं. नाकातोंडात पाणी, कानांत पाणी, डोळ्यांपुढं हिरवा अंधार, छातीत ढोल, आणि एक क्षण, खूप लांब, ज्यात वर काय आणि खाली काय काहीच नव्हतं. मग भोपळ्यांनी त्याला कमरेला धरून वर आणून सोडलं. तो खोकला, शिंकला, थुंकला. हात गळ्याशी गेला. डबी जागच्या जागी होती. वर आकाशाचा निळा चौकोन होता आणि तो त्याच्याखाली जिवंत होता. “हात मार! पाय मार! आधी कुत्रं हो, मग माणूस हो!” आश्रुबा ओरडत होता. आणि वैजिनाथ, पेठेतला अब्रूदार व्यापारी, आनंदानं कुत्रा झाला. एवढा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता, असं त्यानं घरी गेल्यावर ओल्या केसांनी बसम्माला सांगून टाकलं. “मला बी न्हवता झाला,” बसम्मा म्हणाली, आणि दोघं इतकी हसली की दारातलं गिऱ्हाईक संकोचून परत गेलं.

सबबी काही एका दिवसात मेल्या नाहीत. रोज सकाळी त्या जुन्या गिऱ्हाइकांसारख्या फळीशी येऊन उभ्या राहत. आज आभाळ आलंय, आज अंग जड आहे, आज मालाची गाडी यायची आहे. वैजिनाथ त्यांना रामराम करी, या बसा म्हणे, आणि त्यांना दुकानात बसवून स्वतः बारवेवर जाई. दोन भोपळ्यांचा एक झाला. अंग पाण्याला ओळखू लागलं. आधी तो पाण्याशी भांडत असे, मग भांडण मिटलं आणि बोलणं सुरू झालं. बसम्मानं दुकानात बसून पेठेतल्या बायकांचं एक नवंच गिऱ्हाईक जोडलं होतं आणि ती गादी सोडायला नाखूश दिसू लागली होती. शेवटी एके सकाळी आश्रुबा पायरीवर बसून म्हणाला, “आता हा एक भोपळा बी सोडायला पायजे. पर दिवस तुमी सांगायचा. पहिलीला म्हणा, पुनवेला म्हणा, माझं काय न्हाई.” कोरड्यात तो अजून तुमीच म्हणे. वैजिनाथच्या लगेच ध्यानात आलं की या चपराशानं आपल्याला भलत्याच पेचात टाकलंय. आश्रुबानं दिवस ठरवला असता तर त्याच्यावर रुसता आलं असतं. दिवस आपल्या हातात म्हणजे तिन्ही सालं आपल्या हातात, आणि तिन्ही सालांत मिळून किती पहिल्या, किती पुनवा, किती शुभ वार! मन झरझर चाळू लागलं. दैची पहिली जवळच आहे. पण पुनव त्याहून बरी. त्यापेक्षा गुढीपाडवा, नव्या कामाला पाडव्यासारखा मुहूर्त नाही. पुढं ढकलण्यात एक गोडी असते. लाडू डब्यात आहे आणि आपण तो अजून खाल्लेला नाही, अशी. ती गोडी त्यानं जन्मभर चाखली होती आणि आताही ती जिभेवर येत होती. “असं करू,” तो म्हणाला, “पाडव्याला…” आणि बोलता बोलता त्यानं खाली पाहिलं. तोंड अजून महिने मोजत होतं आणि बोटांनी कमरेची गाठ सोडलेली होती. भोपळा पायरीवर घरंगळला. वैजिनाथनं क्षणभर आपल्या बोटांकडं परक्याच्या बोटांकडं बघावं तसं पाहिलं, आणि मग तोंडाला वाक्य पुरं करू न देता तो पाण्यात शिरला.

पाणी होतं आणि तो होता, मध्ये कुणी नव्हतं. भीती होती, ती त्याच्या डाव्या खांद्याशी त्याच्याबरोबर पोहत होती, आणि तिलाही पोहता येतं हे पाहून त्याला तिच्याबद्दल माया वाटली. हात पुढं, पाणी बाजूला. बारवेच्या मधोमध, जिथं पाणी काळं होतं, तिथं तो पोहोचला. आता बुडालो, त्याला वाटलं, आणि वाटेपर्यंत पुढचा हात पडलाही होता. मग खडबडीत, थंड, शेवाळलेला दगड बोटांना लागला. पलीकडची भिंत. वैजिनाथनं तिच्यावर गाल टेकला आणि तो मोठ्यानं ओरडला, शब्द असा काही नव्हताच, आणि बारवेनं तो आवाज चारी बाजूंनी त्याला परत दिला. कोनाड्यातले पारवे फडफडत वर गेले. पायरीवर आश्रुबा उभा राहून टाळ्या पिटत होता आणि तोंडानं अशा शिव्या देत होता की त्या ऐकून जीव सुखावला. वैजिनाथ परत आला, पायरीला हात लावला, आणि लगेच वळून पुन्हा गेला.

“बास आता आप्पा,” आश्रुबा डगल्याची बटणं लावत म्हणाला. “कचेरीची येळ झाली. निघा.”

“आलोच. पाय जरा आखडलेत, तेवढे मोकळे करून येतो.”

“निघा की!”

“डोळ्यात पाणी गेलंय रं. पायरी दिसंना.”

“पायरी दिसंना? तिकडची भिंत बरी दिसती तुमाला!”

“वर वारा हाय, आश्रुबा. असल्या अंगानं वाऱ्यात गेलं की पडसं धरतं. माझ्या आईला धरलं होतं.”

“तुमची आई कवा पवायला गेलती?”

“न्हवती गेली. पण धरलं होतं.”

आश्रुबा कपाळाला हात लावून पायरीवर बसला, आणि वैजिनाथ पुढची सबब सुचेपर्यंत पुन्हा पलीकडच्या भिंतीकडं निघाला.